एकशे एक्केचाळीस नंबरची प्लेट

“सर, एकोणऐंशी सालच्या प्लेटा आपल्याकडे अजून आहेत का?”

रुक्साना मुजावर माझ्या खोलीच्या दारातच उभी राहून विचारत होती. जानेवारी २००४, सकाळचे अकरा वाजलेले. तिच्या हातातल्या कपात चहावर जाड साय धरली होती. बराच वेळ ती तो कप नुसता घेऊन फिरत असावी.

“असायला हव्यात. तळघरात. का?”

“माझा चंद्र हरवलाय.”

ती ‘माझा’ म्हणाली, तरी तो तिने शोधलेला नव्हता. आदल्या वर्षी फेब्रुवारीत परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीला गुरूभोवती एक नवा चंद्र सापडला होता. चंद्र म्हणजे आठ-नऊ किलोमीटरचा वेडावाकडा दगड. गुरूचे चार मोठे चंद्र जवळून आणि सरळ वाटेने फिरतात. हा दोन-सव्वादोन कोटी किलोमीटर लांबून, तिरप्या वाटेने आणि उलट दिशेने फिरत होता. कधीकाळी सूर्याभोवती भटकताना गुरूच्या ओढीत सापडलेला आणि तिथेच राहिलेला. अशा दगडांच्या कक्षा काढणं हे आमच्या पुण्याच्या संस्थेत रुक्सानाचं काम. मिरजेची मुलगी, वय एकतीस, आणि स्वतंत्रपणे हातात घेतलेलं हे तिचं पहिलं काम.

चार आठवड्यांत तो पाचदा दिसला आणि मग गुरूच सूर्याआड गेला. गुरू पुन्हा बाहेर आल्यावर, डिसेंबरात, तिने सांगितलेल्या जागी दोन दुर्बिणींनी शोध घेतला. तिथे काही नव्हतं.

“चार आठवड्यांच्या मापांवर दोन वर्षांची फेरी काढायची म्हणजे अंदाजच,” ती म्हणाली. “तिसऱ्यांदा दुर्बिणीचा वेळ मागायचा तर काहीतरी नवीन हातात पाहिजे. मार्चपर्यंत मिळाला नाही तर हरवलेल्यांच्या यादीत जाईल. कोणीतरी दहा वर्षांनी शोधेल आणि नवीन म्हणून नाव देईल. एकोणऐंशीच्या जानेवारीत आपण गुरूच्या प्लेटा घेतल्या होत्या ना? त्यावर असला तर?”

“घेतल्या होत्या. मीच घेतल्या होत्या.”

त्या काळी आम्ही गुरूच्या तेव्हा माहीत असलेल्या लांबच्या चंद्रांच्या जागा मोजत होतो. फूटभर लांबी-रुंदीच्या काचेच्या प्लेटा असत. दुर्बीण गुरूच्या चालीने फिरवायचो, त्यामुळे काचेवर तारे बारीक काळ्या रेघा होऊन उमटायचे आणि गुरूबरोबर चालणारं जे काही असेल ते ठिपका होऊन. सगळ्या रेघांमध्ये एखादा ठिपका दिसला की तो एकतर चंद्र, नाहीतर काचेवरच्या लेपातला दोष. असे दोष पुष्कळ. एकेका प्लेटवर तीस-चाळीस.

“त्या महिन्यात एक ठिपका दिसला होता खरा,” मी म्हणालो. “दोष म्हणून सोडून दिलेला.”

रुक्सानाने कप माझ्या टेबलावर ठेवला. “कोणत्या प्लेटवर?”

“ते आठवत नाही. मोजणीच्या शिंत्रेबाईंना आठवत असेल.”

मी तिला अर्धंच सांगितलं होतं. नोंदवह्या काढून पाहिल्या, पण त्या महिन्याच्या वहीत ठिपक्याचा उल्लेख नव्हता. एका पानावर एक ओळ मात्र दाट शाईने खोडलेली होती, इतकी दाट की प्लेटचा नंबरही वाचता येत नव्हता. त्या महिन्यात आम्ही चौदा प्लेटा घेतल्या होत्या. चौदा गुणिले चाळीस ठिपके. रुक्सानाने हिशेब केला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

“मी जातो त्यांच्याकडे,” मी म्हणालो.

वेणू शिंत्रे आमच्याकडे अठ्ठावीस वर्षं होत्या. त्यातली पहिली सतरा मोजणीच्या यंत्रावर. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, बारीक स्क्रू फिरवत, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत माप घ्यायचं आणि मोठ्याने सांगायचं. हे काम त्यांच्याइतकं चोख कोणी करत नसे. पुढे इलेक्ट्रॉनिक कॅमेरे आले, मोजणीचा विभाग बंद झाला आणि बाईंना ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर चिकटवायला बसवलं. तिथे त्या आणखी अकरा वर्षं होत्या. मी रोज तिथून जायचो. नमस्कार व्हायचा. त्यापलीकडे आम्ही कधी बोललो नाही.

निवृत्तीनंतर त्या शिरवळला गेल्या होत्या. तिथे त्यांच्या यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचलो तेव्हा शिंत्रे काउंटरवर बसून गिऱ्हाइकाशी बोलत होते आणि मागच्या टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून, बाई एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. बाकी तशाच.

“यांचा हात थरथरतो आता,” त्या मला म्हणाल्या, जणू आम्ही कालच भेटलो होतो. “म्हणून दुरुस्ती माझ्याकडे. बसा, लोखंडेसाहेब.”

मी इकडच्या तिकडच्या चौकशा केल्या. मग रुक्सानाच्या चंद्राची गोष्ट सांगितली. त्या ऐकत होत्या आणि चिमट्याने एक चाक बसवत होत्या.

“तर एकोणऐंशीच्या जानेवारीत तुम्हाला असा काही ठिपका दिसल्याचं आठवतं का?”

बाईंनी भिंग काढून ठेवलं. “तुम्हाला आठवतं का, ते आधी सांगा.”

मी काउंटरवरच्या शिंत्र्यांकडे पाहिलं.

“अहो,” त्या यजमानांना म्हणाल्या, “साहेबांसाठी कोपऱ्यावर चहा सांगून या. आणि उभं राहून करून घ्या, नाहीतर तो सकाळचाच गरम करून देतो.”

शिंत्रे चपला घालून बाहेर पडले. ते रस्ता ओलांडेपर्यंत बाई त्यांच्याकडे पाहत होत्या.

“आठवतं,” मी म्हणालो.

“काय आठवतं?”

“तुम्ही प्लेट घेऊन माझ्याकडे आला होता. ठिपक्याभोवती शाईने गोल केला होता. मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि तो गोल पुसला.”

“आणि?”

“आणि वहीतली ओळ खोडली.”

“आणि बोललात काय?”

तेही मला आठवत होतं. ते सांगण्याआधी एक सांगायला हवं. त्याच्या आदल्या महिन्यात बाईंनी मला असाच एक ठिपका दाखवला होता. मी अठ्ठावीस वर्षांचा. धावत संचालकांकडे गेलो. परदेशात तार करायचा मसुदासुद्धा तयार झाला. तेवढ्यात कोणीतरी प्लेट तिरपी धरून पाहिली, तर लेपात अडकलेला सुईच्या टोकाएवढा धुळीचा कण. पुढचे पंधरा दिवस चहाच्या वेळी सगळे मला ‘लोखंड्यांचा चंद्र कसा आहे?’ असं विचारायचे. बाईंना कोणी काही विचारलं नाही. हसू झालं ते माझं. त्यामुळे जानेवारीत त्या पुन्हा गोल केलेली प्लेट घेऊन आल्या तेव्हा मी ती यंत्राखाली घालूनही पाहिली नाही.

“‘बाई, तुमचं काम मोजायचं. काय आहे ते आम्ही ठरवू,’” मी म्हणालो.

“सगळ्यांसमोर.”

“हो. माझी चूक झाली, बाई.”

“तेव्हा झाली. आता काय पाहिजे ते बोला.”

“प्लेटचा नंबर.”

“एकशे एक्केचाळीस. मधे गुरूचा मोठा काळा डाग आहे ना, त्याच्यापासून वर आणि डावीकडे, काठाजवळ. पण त्या एकीवर तुमचं भागायचं नाही.”

हे खरं होतं. रुक्सानाने मला सकाळीच सांगितलं होतं. तिच्या गणितानुसार चंद्र त्या महिन्यात आकाशातल्या एका लांबलचक पट्ट्यात कुठेही असू शकत होता. एका ठिपक्यातून दहा-बारा वेगवेगळ्या कक्षा बसवता आल्या असत्या. आणि तो ठिपका खरोखरच दोष असता तर तेही कळलं नसतं.

“नाही भागायचं,” मी म्हणालो. “पण दुसरं काही नाहीच तर...”

“एकशे सेहेचाळीस,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“पाच दिवसांनंतरची प्लेट. तिच्यावरही आहे. गुरूपासून मोजलं तर सहा मिलिमीटर सरकलेला.”

दोष सरकत नाही. दुसऱ्या प्लेटवर, गुरूबरोबर चालत, थोडा सरकलेला तोच ठिपका म्हणजे चंद्र, दुसरं काही असू शकत नाही. हे मला तेव्हा कळलं असतं. कोणालाही कळलं असतं.

“ती प्लेट तुम्ही मला दाखवली नाहीत.”

“नाही दाखवली.”

“तुम्हाला कळलं होतं, काय आहे ते?”

“कळायला काय? सात वर्षं तेच मोजत होते.” त्यांनी घड्याळाचं झाकण उचलून उजेडात धरलं, परत ठेवलं. “यंत्राशी दहा मिनिटं बसून राहिले. वाटलं, जावं, दाखवावं. मग म्हटलं, ठरवू दे त्यांनाच. बाकीचे तीन चंद्र मोजले, वहीत लिहिले आणि प्लेट पाकिटात घातली. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही सांगितलं. आठ दिवस गेल्यावर सांगायची सोय राहिली नाही. तुम्ही विचारलं असतं, आठ दिवस काय करत होता?”

“आणि नंतर? ग्रंथालयात रोज दिसायचो आपण.”

“तुम्हीही रोज दिसायचात, साहेब.”

शिंत्रे चहा घेऊन आले. त्यांनी मला आमच्या संस्थेच्या टेकडीवरच्या हवेबद्दल विचारलं. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

दोन्ही प्लेटा तळघरात मिळाल्या. दोन्ही ठिपके, बाईंनी सांगितलं तिथे. पण ते मोजायचे कसे, हा नवा प्रश्न उभा राहिला. मोजणीचं यंत्र कापडाखाली सोळा वर्षं पडून होतं आणि ते चालवता येणारं संस्थेत कोणी उरलं नव्हतं. मी प्रयत्न केला. तेच माप तीनदा घेतलं, तिन्ही वेळा वेगळं आलं. रुक्साना शेजारी उभी होती. तिने तिसरा आकडा लिहून घेतलाच नाही.

मी शिरवळला फोन केला आणि चौथ्या दिवशी सकाळी बाई पहिल्या एसटीने आल्या. सोबत घड्याळाच्या तेलाची बाटली आणि मऊ कापड आणलं होतं. पहिले दोन तास त्यांनी यंत्र पुसण्यात आणि स्क्रूंना तेल घालण्यात घालवले. मग पदर खोचून स्टुलावर बसल्या आणि एकशे एक्केचाळीस नंबरची प्लेट लावली. डोळा सूक्ष्मदर्शकाला.

मी वही घेऊन शेजारी बसलो.

“एकशे अठरा पॉइंट चारशे सहा,” बाई म्हणाल्या.

मी लिहिलं.

“एकशे अठरा पॉइंट चारशे सात. एकशे अठरा पॉइंट चारशे सहा.”

तीन मापं, आणि फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा. रुक्सानाने माझ्या खांद्यावरून वहीत पाहिलं आणि तिन्ही आकडे आपल्या कागदावर उतरवून घेतले.

आजूबाजूच्या वीस ताऱ्यांच्या रेघा मोजल्या. मग प्लेट उलटी फिरवून सगळं पुन्हा, कारण डोळा नेहमी एका बाजूला झुकतो. दुपारी एक वाजता आम्ही दोघांनी डबे उघडले, रुक्सानाचा बंदच होता. बाईंनी रुक्सानाला विचारलं, “पोरी, आकाराने केवढा आहे गं तो?”

“आठ-नऊ किलोमीटर, मॅडम.”

“म्हणजे इथून खडकवासलासुद्धा नाही.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “आणि एवढ्याशा दगडासाठी तू जेवायची थांबलीयस?”

रुक्साना हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली असावी.

जेवणानंतर एकशे सेहेचाळीस. हा ठिपका अधिक पुसट होता. बाई बराच वेळ स्क्रू मागेपुढे फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता नाही जमत म्हणतील. मी म्हणालो, “बाई, त्या दिवशी मी...”

“मध्ये बोलू नका, साहेब. आकडा चुकतो.” आणि मग, “लिहा. एकशे तेवीस पॉइंट नऊशे एक्केचाळीस.”

संध्याकाळी पाचच्या सुमारास रुक्सानाने सगळे आकडे गणितात घातले. आम्ही दोघं तिच्यामागे उभे होतो. दहा-बारा कक्षांमधली एकच उरली. त्या कक्षेवर पंचवीस वर्षांपूर्वीचे दोन ठिपके आणि गेल्या वर्षीची पाच मापं सगळी बसली. कुठेही केसाच्या जाडीपेक्षा जास्त फरक नाही.

“आज कुठे आहे मग?” बाईंनी विचारलं.

रुक्सानाने पडद्यावर बोट ठेवलं. डिसेंबरात जिथे शोधलं होतं तिथून बरंच दूर.

तिसऱ्यांदा वेळ मिळाला. बावीस दिवसांनी ईमेल आली. चंद्र सापडला होता, सांगितलेल्या जागेला चिकटूनच.

आता पेपर लिहायचा होता. मसुदा मी केला. त्यात जुन्या प्लेटांबद्दल एक वाक्य होतं: ‘१९७९ साली या ठिपक्यांकडे दुर्लक्ष झाले.’ लेखकांत तिघांची नावं, बाईंचं पहिलं. मला वाटलं होतं, त्या खूश होतील. त्या पुन्हा पुण्याला आल्या, रुक्सानाच्या टेबलाशी बसून सगळा मसुदा दोनदा वाचला आणि त्या वाक्यावर नख ठेवलं.

“हे असं नाही झालं.”

“दुर्लक्षच झालं की, बाई.”

“आपोआप झालं का? कोणी केलं ते लिहा. मी दाखवला होता. तुम्ही पुसलात.”

रुक्सानाने माझ्याकडे पाहिलं. तिला मी हे कधी सांगितलं नव्हतं. माझी निवृत्ती आठ वर्षांवर होती, विभागप्रमुख होतो, आणि हा पेपर जगभर वाचला जाणार होता. खरं सांगायचं तर मी मनात पळवाट शोधत होतो.

“पेपरात असं कोणी लिहीत नाही,” मी म्हणालो.

“मग दुसरी प्लेट मी पाहिली आणि सांगितली नाही, तेही लिहा त्याच ओळीखाली,” बाई म्हणाल्या. “तुमचं एकट्याचं नको. दोघांचं येऊ दे. नाहीतर माझं नाव काढा.”

“मॅडम, तुमचं कशाला?” रुक्साना म्हणाली. “तुमच्यामुळे तर मिळाला.”

“माझ्यामुळे पंचवीस वर्षं उशिरा मिळाला. यांनी पहिली घालवली, दुसरी मी घालवली. यांना निदान माहीत तरी नव्हतं. मला माहीत होतं.”

मी पेन घेतलं आणि तळटीप लिहिली. तीन ओळी. बाईंनी एक शब्द बदलायला लावला. मी ‘खूण काढली’ लिहिलं होतं, ते ‘पुसली’ केलं.

संपादकांचं पत्र आलं की ही टीप वैयक्तिक स्वरूपाची आहे, आवश्यक आहे का? आवश्यक आहे, असं मी कळवलं. ते कळवताना मात्र मला काही जड गेलं नाही. त्यांनी ती तशीच ठेवली.

जूनमध्ये छापील प्रती आल्या. एक घेऊन मी शिरवळला गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाईंनी पहिल्या पानावरचं आपलं नाव पाहिलं, पुढची दोन पानं उलटली आणि तळटिपेशी थांबल्या.

“काय लिहिलंय?” शिंत्र्यांनी विचारलं. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं.

बाईंनी मराठीत वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता. “‘पहिल्या प्लेटवरचा ठिपका वेणू शिंत्रे यांनी त्याच आठवड्यात दाखवला होता. मधुसूदन लोखंडे यांनी तो न तपासता दोष ठरवला आणि खूण पुसली. दुसऱ्या प्लेटवरचा ठिपका शिंत्रे यांनी ओळखला, परंतु सांगितला नाही.’”

शिंत्रे खुर्चीत पुढे सरकले. “दुसरी प्लेट? पहिलीचं तू घरी येऊन बोलली होतीस. दोन दिवस जेवली नव्हतीस. दुसरीचं कधी बोलली नाहीस.”

“कोणालाच नाही बोलले.”

“मला पण नाही?”

“तुम्हाला पण नाही. आता छापूनच आलंय.”

मी निघायच्या बेताने उठलो होतो, पण शिंत्र्यांनी हाताने मला थांबवलं. मग त्यांनी काउंटरवरची काच दोन्ही हातांनी उचलली, हात थरथरत होते म्हणून बाईंनी एक कोपरा धरला, आणि तळटिपेचं पान वर येईल असा तो पेपर तिच्याखाली सरकवून ठेवला. दुकानात येणारा प्रत्येकजण घड्याळ ठेवायचा तिथेच.